घामाचा धनी

आठवड्याच्या बाजाराला आपण सगळेच जातो. तेथली एक साधी गोष्ट पाहू.

एक बाई पाटीभर वांगी घेऊन बाजारात येते. पोत्याचा तुकडा अंथरते आणि बसते. एक गिऱ्हाईक येते, भाव विचारते. बाई भाव सांगते. गिऱ्हाईक म्हणते, "एवढा? निम्म्यात देतेस का?" बाई म्हणते, "न्हाई परवडत, दादा. म्होरं बघा." गिऱ्हाईक चार पावले पुढे जाते आणि मागे वळते. शेवटी मधल्या भावाला सौदा जमतो. बाई पैसे कनवटीला लावते. गिऱ्हाईक वांगी पिशवीत टाकते. दोघेही आपापल्या घरी जातात.

यात काय विशेष, असे तुम्ही म्हणाल. पण त्या बाईने काय काय केले ते जरा मोजा. वाफ्यात वांगी लावायची की मिरची, ते तिने ठरवले. कोणत्या गावच्या बाजाराला जायचे, ते तिने ठरवले. न पटलेला भाव तिने नाकारला. आणि आलेला पैसा तिच्याच हाती राहिला.

या मोकळिकीला पुस्तकात 'आर्थिक स्वातंत्र्य' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. आपले कष्ट, आपला माल आणि आपला पैसा यांचे काय करायचे, ते आपले आपण ठरवणे म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य. थोडक्यात, आपल्या घामाचा धनी आपण असणे.

आता दोन प्रश्न उभे राहतात. या एवढ्याशा मोकळिकीचा देशाच्या भरभराटीशी काय संबंध? आणि देश भरभराटीला आला, म्हणजे माणूस सुखी होतोच का? या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही या धड्यात शोधणार आहोत. त्यासाठी आधी दूर चीन देशातल्या एका खेड्यात जाऊ. मग परत आपल्या महाराष्ट्रात येऊ.

शियाओगांगचे अठरा कर्ते

चीनमध्ये आनहुई नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात शियाओगांग नावाचे एक लहानसे खेडे आहे. घरे सारी विसाच्या आसपास. हा मुलूख गरीब म्हणून ठाऊक होता. सुगी बुडाली की तेथली माणसे भीक मागायला परमुलखात जात.

१९५८ साली चीन सरकारने देशभर मोठमोठ्या सामुदायिक शेतवसाहती उभ्या केल्या. शेतकऱ्यांची जमीन, बैल, अवजारे एकत्र केली गेली. घरच्या चुली बंद झाल्या आणि सगळ्यांचे जेवण एका भटारखान्यात होऊ लागले. शेतात काय पेरायचे, कधी पेरायचे, किती धान्य सरकारला द्यायचे, हे सारे वरून ठरू लागले. हेतू वाईट नव्हता. सर्वांनी मिळून राबावे, सर्वांनी मिळून खावे, कोणी गरीब राहू नये, असा तो विचार होता.

पण झाले उलटेच. वरच्या अधिकाऱ्यांना खूश करण्यासाठी खालच्यांनी पिकाचे आकडे फुगवून सांगितले. त्या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचलले. गावात खायला उरले नाही. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. कमीत कमी दीड कोटी माणसे त्यात मेली. काही अभ्यासक हा आकडा तीन-चार कोटींपर्यंत नेतात. शियाओगांगमध्येही पुष्कळ घरे उजाड झाली.

दुष्काळ सरला. भटारखाने बंद झाले. पण शेती सामुदायिकच राहिली. दिवसभराच्या कामाला गुण मिळत. वर्षअखेर गुणांच्या हिशेबाने धान्य मिळे. कोणी मन लावून खुरपले, कोणी बांधावर बसून राहिले, तरी गुणांत फारसा फरक नसे. आपल्याकडे म्हण आहे ना, "बारभाईची खेती, काय लागेल हाती?" तसेच तेथे झाले.

१९७८ साली आनहुई प्रांतात मोठा अवर्षणाचा फेरा आला. तेव्हा शियाओगांगमधले अठरा घरांचे कर्ते एका रात्री एका घरात गुपचूप जमले. त्यांनी एक कागद लिहिला. कागदातली बोलणी अशी होती. गावची जमीन घराघराला वाटून द्यायची. ज्याने त्याने आपला तुकडा कसायचा. सरकारचा वाटा भरायचा, सामुदायिक वाटाही भरायचा. त्यावर जे उरेल ते ज्याचे त्याने ठेवायचे.

आज आपल्याला हे साधे वाटेल. त्या काळी तेथे हा गुन्हा होता. म्हणून कागदात आणखी एक गोष्ट लिहिली. या कामापायी पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले, अथवा जीव गमवावा लागला, तर त्यांची मुले बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची.

मग सर्वांनी त्या कागदावर खुणा केल्या. कोणी शिक्का मारला. कोणी लाल शाईत बोट बुडवून ठसा उमटवला. तो कागद छपरातल्या बांबूच्या पोकळीत लपवून ठेवला होता, असे त्यांतल्या एका शेतकऱ्याने पुढे सांगितले.

पाहा बरे! आपल्या कष्टाचे उरलेले फळ आपल्या घरी न्यावे, एवढ्याचसाठी माणसांनी जिवावरची जोखीम घेतली.

माती तीच, माणसे तीच

पुढल्या वर्षी, म्हणजे १९७९ साली, शियाओगांगच्या खळ्यावर सुमारे ६६० क्विंटल धान्य आले. १९६६ ते १९७० या पाच वर्षांत मिळून जेवढे पिकले होते, जवळजवळ तेवढे धान्य त्या एका वर्षात पिकले. कित्येक वर्षे हे गाव सरकारकडून धान्य घेऊन जगत होते. त्या वर्षी त्याने सरकारला धान्य दिले.

माती तीच होती. माणसेही तीच होती. मग बदलले काय? बदलला तो धनी. पहाटे उठून पाणी धरले, तर त्याचे फळ आपल्याच कणगीत पडणार, हे शेतकऱ्याला कळले. कोणी शिट्टी वाजवून त्याला कामाला बोलवावे लागले नाही. कोणती जमीन हलकी, कोणती भारी, कोठे काय पेरावे, हे त्या मातीत राबणाऱ्यालाच ठाऊक असते. लांब राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्याला, तो कितीही हुशार असला, तरी ते कसे कळावे?

ही गोष्ट लपून राहिली नाही. पण त्या शेतकऱ्यांचे नशीब बरे होते. त्या प्रांताचे मुख्य पुढारी वान ली यांनी त्यांना शिक्षा केली नाही, उलट पाठीशी घातले. १९८० साली चीनचे मोठे नेते डेंग शियाओपिंग यांनी या प्रयोगाची वाखाणणी केली. दुसऱ्याही भागांत शेतकऱ्यांनी अशीच वाटणी सुरू केली होती. चार-पाच वर्षांत बहुतेक साऱ्या चीनभर घराघराची शेती सुरू झाली. १९७८ साली चीनमध्ये सुमारे ३० कोटी टन धान्य पिकले होते. १९८४ साली ते ४० कोटी टनांच्या वर गेले.

सगळे श्रेय एकट्या मोकळिकीला देणे मात्र बरोबर होणार नाही. त्याच काळात सरकारने धान्याचा खरेदीभाव वाढवला. खत जास्त मिळू लागले. भाताचे संकरित बियाणे आले. पण खत आणि बियाणे हे राबणाऱ्या हाताला मिळाले तरच उपयोगाचे. उत्पन्न जेवढे वाढले, त्यातला जवळजवळ निम्मा भाग घरोघरच्या शेतीमुळे वाढला, असा हिशेब या विषयाच्या जाणकारांनी मांडला आहे.

एका घरची कणगी आणि साऱ्या देशाची भरभराट

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाहू. एका घरची कणगी भरली, तर देशाला काय मिळाले?

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. एका शेतकऱ्याच्या घरी खाऊन दहा पोती उरली. त्याने ती विकली. त्या पैशात घराची भिंत बांधायला काढली. मग गवंड्याला काम मिळाले, वीटभट्टीवाल्याला गिऱ्हाईक मिळाले. गवंड्याने पोराला नवी चप्पल घेतली. चप्पलवाल्याने दुकान वाढवले, एक गडी ठेवला. म्हणजे दहा पोत्यांनी चार घरांच्या चुली पेटवल्या. शिवाय प्रत्येक सौद्यातून थोडा कर सरकारला गेला. त्यातून रस्ता होतो, शाळा होते.

चीनमध्ये असेच घडले. शेतीला आता पूर्वीइतके हात लागेनात. मोकळ्या झालेल्या हातांना दुसरे काम करण्याचीही मोकळीक मिळाली. खेड्यापाड्यांत विटा, कापड, खेळणी, अवजारे यांचे लहान कारखाने निघाले. १९९६ सालापर्यंत अशा ग्रामीण धंद्यांत १३ कोटींहून जास्त माणसे काम करत होती. पुढे मोठे कारखाने आले, परदेशाशी व्यापार वाढला. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे १९७८ नंतरच्या चाळीस वर्षांत चीनमधली सुमारे ८० कोटी माणसे अगदी हलाखीच्या गरिबीतून वर आली.

देशाची संपत्ती म्हणजे काही राजाच्या तिजोरीतले सोने नव्हे. घराघरांत पिकलेले, घडलेले, शिवलेले, बांधलेले जे काही असते, त्याची बेरीज म्हणजे देशाची संपत्ती. घरे मोकळेपणी राबली, की बेरीज वाढते. घरांचे हात बांधले, की ती घटते.

पण दवाखान्याचे काय?

आता दुसरा प्रश्न. पैसा आला, म्हणजे सुख आले का?

याचे उत्तरही चीनमध्येच मिळते. जुन्या सामुदायिक वसाहतींत एक गोष्ट चांगली होती. गावच्या सामाईक निधीतून औषधपाण्याची सोय होई. थोडे शिक्षण घेतलेले गावचेच शेतकरी साधे उपचार करत. त्यांना 'अनवाणी डॉक्टर' म्हणत. त्यांनी लस टोचली, बाळंतपणे केली, अनेकांचे जीव वाचवले.

वसाहती मोडल्या, तसा तो निधीही मोडला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस चीनमधल्या दहापैकी नऊ खेड्यांत ही सोय होती. १९८५च्या सुमारास ती शंभरांत पाच खेड्यांत उरली. कणग्या भरल्या, घरे पक्की झाली. पण घरात एक मोठे दुखणे आले, की साठवलेला सारा पैसा दवाखान्यात जाई. पुष्कळ कुटुंबे कर्जात बुडाली. हे ध्यानी यायला फार वर्षे गेली. शेवटी २००३ साली सरकारने खेड्यांसाठी नवी आरोग्य योजना काढली. तिच्यात सरकारही पैसे घालत असे, शेतकरीही घालत असे.

सांगायचे तात्पर्य हे. मोकळिकीने धान्य वाढते, पैसा वाढतो. पण आजाऱ्याला औषध, पोराला शाळा, म्हाताऱ्याला आधार हे मोकळिकीमागून आपोआप चालत येत नाही. त्याची तजवीज सर्वांना मिळून करावी लागते.

आणखी एक ध्यानात घ्या. त्या शेतकऱ्यांना जमीन कसण्याची मोकळीक मिळाली, पण जमिनीची मालकी सामुदायिकच राहिली. सरकारचे चुकते आहे असे उघडपणे बोलण्याची मोकळीकही तेथे मिळाली नाही. म्हणून त्यांची भरभराट खरी असली, तरी त्यांचे स्वातंत्र्य अपुरेच म्हटले पाहिजे.

आपल्याकडचा कापूस

झाली चीनची गोष्ट. आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे सामुदायिक वसाहती कधी नव्हत्या. पण 'माल कोणाला विकायचा' हा प्रश्न आपल्याकडेही होता.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश हा कापसाचा मुलूख. व्यापारी आणि दलाल शेतकऱ्याला नाडतात, हंगामात भाव पाडतात, काट्यात मारतात, अशी जुनी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. म्हणून महाराष्ट्र सरकारने १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. एकाधिकार म्हणजे घेणारा एकच. राज्यात पिकलेला सारा कापूस सरकारी योजनेलाच घालायचा. दुसऱ्या कोणाला विकायचा नाही.

यातून शेतकऱ्याला हमीभावाचा आधार मिळाला. बाजार पडला, तरी निदान ठरलेला भाव मिळे. पण पुढे दुसरी बाजू दिसू लागली. खरेदी केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा लागत. मालाची प्रत ठरवण्यावरून तंटे होत. चुकारे मिळायला उशीर होई. शेजारच्या राज्यात भाव चढा असला, तरी कापूस सीमेपलीकडे नेता येत नसे. नेला तर तो गुन्हा. बाजारातली वांगेवाली "म्होरं बघा" असे म्हणू शकते. कापूसवाल्याला ते म्हणता येत नव्हते. कारण घेणारा एकच होता!

योजनेला तोटाही फार झाला. अखेर २००२ सालापासून हा एकाधिकार सुटला आणि व्यापाऱ्यांनाही कापूस खरेदीची मोकळीक मिळाली.

मग कापूस पिकवणारा सुखी झाला का? दुर्दैवाने, तसे झाले नाही. विदर्भातली बहुतेक कापूसशेती पावसावर अवलंबून. विहिरीला पाणी नाही. बियाणे, खत, औषध महाग. बँकेचे कर्ज वेळेवर मिळत नाही, म्हणून सावकाराच्या दारी जावे लागते. एक पाऊस हुकला की सारा हिशेब कोसळतो. कर्जापायी अनेक शेतकऱ्यांनी जीव दिला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली.

यावरून दोन धडे मिळतात. माल विकण्याची वाट एकच ठेवली, तर शेतकऱ्याचे हात बांधले जातात. आणि वाटा मोकळ्या केल्या, पण पायांत चालण्याचे बळ नसले, तर मोकळी वाटही उपयोगाची नाही. पाणी, वेळेवर कर्ज आणि पिकाचा विमा हे ते बळ होय.

सुप्याला कागद का जाळले?

आता आणखी मागे जाऊ. ही गोष्ट तुमच्या-आमच्या अगदी जवळची आहे. कारण ती अक्षरांची गोष्ट आहे.

पुणे जिल्ह्यात सुपे हे बाजाराचे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याला जमले. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना काय हवे होते? त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते कागद त्यांनी ओढून काढले आणि जाळले. धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आगीही लावल्या. हे लोण नगर जिल्ह्यातही पोचले. तीसहून अधिक गावांत असे घडले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

इतका राग कशाचा होता? पंधराएक वर्षे आधी अमेरिकेत घरचेच युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मागाल तेवढे कर्ज दिले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. सावकारांनी नवे कर्ज देणे आखडते घेतले आणि जुन्याचा तगादा लावला. सरकारने शेतसारा मात्र वाढवला.

त्यात कागदाची मेख होती. सावकाराने शेतकऱ्याला फार वर्षे नाडू नये म्हणून १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षे चालेल, असे त्यात होते. कायदा चांगला होता. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. राहिलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज धरायचे. पैसे फेडले तरी पावती द्यायची नाही. शेतकरी काय करणार? त्याला वाचता येत नव्हते. "कर अंगठा," म्हटले की तो अंगठा करी. आपण कशावर अंगठा उठवला, ते त्याला जमीन गेल्यावरच कळे.

आता विचार करा. या शेतकऱ्याला मोकळीक नव्हती का? होती. कोणते पीक लावायचे, कोणाकडून कर्ज घ्यायचे, जमीन गहाण टाकायची की नाही, याची त्याला कायद्याने पूर्ण मोकळीक होती. पण करार दोघांत होतो. एकाला वाचता येते आणि दुसऱ्याला येत नाही. मग तो करार कसला? तो फासा झाला.

या दंग्यांनंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जाचा खरा हिशेब कोर्टाने मुळापासून तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, कर्जाचे दस्त सरकारी नोंदणी करणाऱ्यासमोर व्हावेत, अशी कलमे त्यात होती.

शियाओगांगलाही कागदावर ठसे उठले आणि आपल्याकडेही उठत होते. तिकडे माणसांनी कागदातली बोलणी आपसांत ठरवून, जाणूनबुजून ठसा केला. इकडे न समजता अंगठा केला. पहिल्या ठशाने माणसे मोकळी झाली. दुसऱ्याने बांधली गेली.

बाजेचे चार पाय

आता सारे एकत्र आणू. खरी भरभराट ही बाजेसारखी असते. तिला चार पाय लागतात.

पहिला पाय मोकळिकीचा. काय पिकवावे, कोठे विकावे, कोणता धंदा करावा, हे राबणाऱ्याने ठरवावे. त्याच्या कष्टाचे फळ त्याच्या घरी जावे.

दुसरा पाय कायद्याचा. काटा खरा असावा. दिलेला शब्द पाळला जावा. दांडगा माणूस गरिबाचे हिसकावू लागला, तर कोर्टकचेरीने गरिबाला राखावे. कायदा नसेल, तर मोकळीक फक्त दांडग्याची होते.

तिसरा पाय अक्षराचा. लिहिलेले वाचता आले पाहिजे. हिशेब करता आला पाहिजे.

चौथा पाय आधाराचा. दवाखाना, शाळा, पाणी, विमा, अडल्या वेळी मदत.

एक पाय मोडला, तर बाज कलंडते. चीनमध्ये जुन्या काळी पहिला पाय नव्हता, म्हणून माणसे उपाशी मेली. पुढे चौथा मोडला, म्हणून आजाऱ्यांचे हाल झाले. सुप्याला तिसरा नव्हता आणि दुसरा लंगडा होता. विदर्भात चौथा कच्चा राहिला.

कोणी म्हणतात, सरकारने सारे आपल्या हाती घ्यावे. कोणी म्हणतात, सरकारने कशालाच हात लावू नये. आम्हाला वाटते, दोन्ही बोलणी अर्धीच आहेत. शेतात काय पेरावे हे सरकारने सांगू नये. पण काटा खरा आहे की नाही, हे सरकारनेच पाहावे.

मग आपण काय करायचे?

देशाचा कारभार मोठा आहे. तो एका दिवसात बदलत नाही. पण आपल्या घामाचे धनी होण्याची सुरुवात घरापासून करता येते.

कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो पुरता वाचा. समजला नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. "घाई आहे, नंतर वाचा," असे कोणी म्हणाले तर समजा, वाचण्यासारखेच काहीतरी त्यात आहे. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.

माल घातला की काट्याची चिठ्ठी मागा. पैसे भरले की पावती मागा आणि जपून ठेवा. एकाच बाजाराचा भाव विचारून थांबू नका. आज खिशात फोन आहे. चार ठिकाणचा भाव आधी विचारा, मग गाडी जुंपा. एकट्याचा माल थोडा असेल तर चार घरांनी मिळून न्यावा. आपखुशीने एकत्र येणे ही बारभाईची खेती नव्हे. जबरदस्तीने एकत्र केले जाते तेव्हा ती बारभाईची होते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आमच्या बंधूंना मुद्दाम सांगायची आहे. घरातली बाई पेरणीला असते, खुरपणीला असते, काढणीलाही असते. पण सात-बारावर पुष्कळदा तिचे नाव नसते. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. कायद्याने दिले, पण घराने दिले का? शेतकऱ्याच्या घामाचा धनी शेतकरी, असे आपण म्हणतो. मग तिच्या घामाचा धनी कोण? याचा जबाब आपण आपल्याच घरात द्यायचा आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. तुम्हाला आता वाचता येते. हा सारा धडा तुम्ही आपल्या डोळ्यांनी वाचलात. कागद जाळण्याची पाळी आता तुमच्यावर येऊ नये. पुढे कोणी "कर अंगठा" म्हणाले, तर अंगठा मागे घ्या आणि म्हणा, "आण इकडं. आधी वाचतो."

विचार करा आणि आपसांत बोला

१. वांगे विकणाऱ्या बाईला कोणकोणत्या गोष्टींची मोकळीक होती?

२. शियाओगांगमध्ये माती आणि माणसे तीच असून पीक का वाढले?

३. पीक वाढले तरी चीनमधल्या आजाऱ्यांचे हाल का झाले?

४. तुमच्या गावात बाजेचा कोणता पाय लंगडा आहे? तो नीट करायला गावाने काय करावे?

५. तुमच्या घरच्या सात-बारावर कोणाकोणाची नावे आहेत? आज घरी गेल्यावर तो काढून मोठ्याने वाचा.